पार्टिशन : विभाजन, विभाग की कप्पा?

संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवण्याची कृती मराठीत लिहिणाऱ्या एकाने विचारलं आहे, की डिस्कच्या 'पार्टिशन'ला, म्हणजे डिस्कवर वेगळ्या राखलेल्या भागाला, विभाजन म्हणावं, फाळणी की कप्पा?

'विभाजन' हे मराठीत क्रियेचं नाव आहे. म्हणून 'होम विभाजन भरलं' (होम म्हणजे आपल्या फायलींची जागा) हे वाक्य खटकतं; क्रिया कशी भरेल? इंग्रजीत करणं आणि केल्यावर जे हाती येतं ते, दोन्ही एकाच शब्दात भागतं. मराठीत विभाजन केलं की विभाग पडतात. हा फरक सोडू नये, कारण इथे घोळ झाला तर डेटा जातो. 'विभाजन रद्द करा' म्हणजे ही पायरी सोडून द्यायची, की आहे तो विभाग उडवायचा? वाचणारा दुसरा अर्थ घेऊन मोकळा होईल.

फाळणी म्हटलं की 1947 आठवतं, आणि वाटणीला हिस्सेदार लागतात. दोन्ही नकोत. कप्पा गोड शब्द आहे, पण तो फोल्डर वाटतो. लिनक्समध्ये हे फार नडतं : होम वेगळ्या पार्टिशनवर असो वा नसो, दिसतं ते फोल्डर म्हणूनच.

उरला खुद्द 'पार्टिशन'. खोलीत आपण पार्टिशन टाकतो, तेव्हा तो आडोसा असतो. डिस्कवर आडोसा नसतो. कुठला विभाग कितव्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा क्रमांक असलेला छोटा तुकडा) कितव्या सेक्टरपर्यंत, एवढी नोंद पार्टिशन टेबलात असते. तिथे पार्टिशन म्हणजे मधली भिंत नव्हे, जागाच. म्हणून 'टाकणे' नको, 'पाडणे' किंवा 'करणे' घ्या.

मी क्रियेला विभाजन आणि जागेला पार्टिशन म्हणेन. 'विभाग'ही चुकीचा नाही, पण करणाऱ्यांच्या तोंडी पार्टिशनच आहे. नपुंसकलिंगी, अनेकवचन पार्टिशनं. उदाहरणार्थ (ईएफआय म्हणजे संगणक सुरू होताना लागणारं पार्टिशन, रूट म्हणजे खुद्द लिनक्सचं) : 'विभाजन करण्याआधी जागा ठरवा. ईएफआय पार्टिशनला 512 एमबी, रूटला 40 जीबी, उरलेली सगळी होमला. पुढे लिनक्स पुन्हा बसवताना रूट पार्टिशन फॉरमॅट करा. होम पार्टिशन फॉरमॅट न करता नुसतं माउंट करा.'

त्या शेवटच्या वाक्यातलं 'माउंट करणं' म्हणजे पार्टिशन एखाद्या फोल्डरच्या जागी दिसेल असं करणं. तिथे 'माउंट'ऐवजी 'जोडा' लिहू नका. 'होम पार्टिशन रूटला जोडा' वाचून कुणीही दोन्ही पार्टिशनं एक करायला जाईल.