गाडी उभी कर, मग लिही

पोरी,

तुझी पटकथा वाचली आणि सोबतचा तो लांबलचक मजकूरही. पटकथेपेक्षा मजकूर जास्त जमलाय, कारण त्यात तू चिडलेली आहेस. तुझे सर म्हणाले, "हा ट्रक ड्रायव्हर वाटतच नाही, शाळामास्तर वाटतो." मग त्यांनी उपायही सुचवले. ढाब्यावर मारामारी, सीटखाली बाटली, जमलंच तर एक बाई. तुझे बाबा जन्मभर गाडीवर होते आणि ते असे नव्हते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. पण सर अनुभवी. तेव्हा पहिल्या खर्ड्यात तू त्यांचं निमूट ऐकलंस, आणि दुसऱ्यात रागाच्या भरात ड्रायव्हर इतका सज्जन केलास की त्याच्या केबिनमध्ये फक्त कीर्तन व्हायचं बाकी आहे.

दोन्ही खर्डे एकाच जागी फसलेत. दोन्हींत गाडी सारखी पळतेय.

तू बरी लिहितेस की वाईट, हे मी सांगणार नाही. ते तुला कळतं. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पत्रभर सांगणार आहे, कंटाळलीस तरी चालेल. गाडी उभी कर. उभ्या गाडीतला माणूस लिही.

सिनेमाला पळणारी गाडी लागते, हे मला कुणी शिकवायला नको. घाटातलं वळण, हेडलाइटचा झोत, ब्रेक फेल, पळून निघालेल्या जोडप्याला लिफ्ट, टपावर गाणं. नाहीतर प्रामाणिक इन्स्पेक्टर रस्ता ओलांडतोय आणि समोरून नंबरप्लेट नसलेला ट्रक येतो. या सगळ्यात गाडीला काम आहे, माणसाला नाही. मग स्टिअरिंगमागची जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे काहीतरी कोंबतात. कुठे दारुडा, कुठे सुपारीवाला, कुठे हसरा-गाता सरदारजी. १९७१ सालच्या स्पीलबर्गच्या 'ड्युएल'मध्ये ट्रकवाल्याचा चेहरा अखेरपर्यंत दिसत नाही, हात आणि बूट तेवढे दिसतात. तिथे ते मुद्दाम केलेलं होतं, भीती त्या न दिसण्यातच होती. आपल्याकडे चेहरा दाखवतात, आणि तरी दिसत काहीच नाही.

आता गाडी उभी करून बघ. न्हावाशेव्याच्या बाहेरची रांग, भिवंडीच्या गोदामांची गल्ली, कुठल्याही एमआयडीसीतल्या कारखान्याचं गेट. मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायचो तेव्हा कागद पोचवायला अशा गेटांवर पुष्कळ गेलोय. ड्रायव्हर आदल्या रात्रीपासून आलेला असतो. नंबर लागलेला असतो, पण कधी बोलावतील ते गेटवरच्यालाही ठाऊक नसतं. गाडी सोडून लांब जायची सोय नाही. डिझेल काढतात, बॅटरी नेतात, स्टेपनी नेतात. झोपायचीही सोय नाही, कारण मधेच रांग दोन गाड्यांनी सरकते आणि तुम्ही सरकला नाहीत तर मागचा पुढे घुसतो. मग मागच्या गाडीवाल्याला सांगायचं, "लाईन सरकली की काच वाजव," आणि पायातली चप्पल न काढता सीटवर आडवं व्हायचं. संडास गेटाच्या आत, आणि गेटाच्या आत ड्रायव्हरला मनाई. आंघोळ डिझेलच्या टाकीआड, कॅनमधल्या पाण्याने. ते पाणीही पुरवून वापरायचं, कारण त्यातच भात शिजवायचा असतो.

आणि फोन. मालकाचा फोन.

"कुठे पोचलास?"

"गेटवरच आहे."

"अजून?"

या 'अजून'मध्ये तुझा आख्खा सिनेमा आहे, पोरी, आणि तू मारामाऱ्या शोधत बसलीस. मालकाच्या मोबाइलवर जीपीएसचा ठिपका हलत नाही, तेवढ्यावरून त्याचा हिशोब तयार होतो: हा कुठेतरी ढाब्यावर लोळतोय. तुझ्या सरांना जो ड्रायव्हर दिसतो तोच मालकालाही दिसतो. दोघांच्याही स्क्रीनवर फक्त गाडी आहे.

पैशाचंही बघ. ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी खेपेमागे मिळतं. खेप जितकी लांबेल तितका तो स्वतःच्या खिशातून खातो. गाडी अडकून राहिली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, लागतात, पण ते मिळालेच तर मालकाला मिळतात, आणि मालकही पुढच्या भाड्यासाठी पार्टीशी, म्हणजे माल पाठवणाऱ्याशी, वाकडं घ्यायला नको म्हणून अर्ध्या वेळा मागत नाही. कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने तो रद्द होईपर्यंत. १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास म्हणायचा, लांबच्या मार्गावर फार तर १० आणि ५४. पाच तासांनी किमान अर्धा तास विश्रांती. पण तो लागू व्हायचा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक गाडी, एक मालक, एक ड्रायव्हर, एवढ्याच संसाराकडे कुणी फिरकत नाही. आणि रांगेतले तास कामाचे की आरामाचे, हे गेटावर विचारून बघ. हसतील.

आता तुझ्या सीन चारकडे ये. पहाटे ड्रायव्हरला डुलकी लागते आणि गाडी दुभाजकावर चढते. तू त्याला जांभया देताना दाखवलंस, सरांनी हातात बाटली दिली. मी विचारतो, तो आदल्या दिवशी कुठे उभा होता? दिवसभर गेटवर काच वाजायची वाट बघत. रात्री उशिरा माल भरून हातात कागद पडले. ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. मधे टायर फुटला, घाट तुंबला, मुदत संपली आणि गाडी अडवली, तर दंडावरून मालक आणि पार्टी भांडणार, आणि शिव्या कुणाला बसणार ते तुला माहीत आहे. पुढे पोचायची वेळ दिलेली, आणि तिथेही रांगच. म्हणून तो न झोपता निघतो. तुझा अपघात त्या दुभाजकावर झालेला नाही, तो गेटवर झालाय, गाडी उभी असताना. तोच सीन तू लिहिलेला नाहीस!

हे मी आज सुचलं म्हणून सांगत नाहीये. पुढे मी मालिकांचे संवाद लिहायला लागलो, तेव्हा एका मालिकेत नायिकेचा भाऊ ड्रायव्हर होता. त्याच्यासाठी मी गेटवरचा सीन लिहिला. वरून निरोप आला, "इथे काही घडतच नाही." मी म्हटलं, घडतंय, तुम्हाला बघायला वेळ नाही. मग म्हणाले, हातात बाटली तरी द्या. मी दिली नाही. दुसऱ्या कुणीतरी दिली, आणि मी बाहेर पडलो. लोक अजून म्हणतात, एका बाटलीपायी चांगलं चाललेलं काम घालवलं. घालवलं. घरात त्यानंतरची काही वर्षं फार वाईट गेली. बायकोने शिकवण्या घेतल्या, आणि तिच्या त्या वर्षांचं मला आजही वाईट वाटतं. पण त्या सीनचं वाटत नाही. तो मी आजही तसाच लिहीन. ज्या रांगेतल्या माणसांनी मला त्यांच्या स्टोव्हवरचा चहा पाजला, त्यांच्या हातात मी खोटी बाटली कशी देऊ? याला हट्ट म्हणायचं तर म्हण. त्याच धाग्यावर मी आख्खी पटकथा लिहून ठेवली, ती कपाटात पडून आहे, कुणी केली नाही. तेव्हा माझ्या सल्ल्याने प्रसिद्धी मिळते असं मी म्हणत नाही.

उभा ड्रायव्हर चालतच नाही, हेही खोटं आहे. इवान आयरचा 'मील पत्थर' बघ, २०२०चा. त्यातला ड्रायव्हर पाठीच्या दुखण्याने वाकलाय, हमालांचा संप आहे, आणि माल त्याला स्वतः उचलावा लागतो. पाठलाग नाही, गाणं नाही. तरी तो माणूस आठवणीतून जात नाही. बघितलास की नक्कल मात्र करू नकोस. तुझ्या बाबांच्या रांगा वेगळ्या होत्या.

आता त्या देवमाणसाचं. उत्साहात तू त्याला धुऊन पुसून काढलास. ते कशाला? ड्रायव्हर डिझेल विकतात. सगळे नाही, पण विकतात. खोटी वाराई, म्हणजे हमालीचा खोटा खर्च, लावतात. पितात. बायांकडे जातात. एड्सच्या काळात नॅकोने, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेने, लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांमध्ये मुद्दाम काम केलं, त्याला आरोग्याचं कारण होतं आणि ते काम गरजेचंही होतं. सिनेमावाल्यांनी त्यातली फक्त बाई उचलली. हा माणूस इतके दिवस घराबाहेर का पडून असतो, हे विचारलं नाही. परतीचं भाडं मिळेपर्यंत परक्या गावात गाडी लावून बसायचं, रिकामी आणली तर डिझेल अंगावर. आलं ना पुन्हा तेच? उभी गाडी. त्याचं वागणं झाकू नकोस, त्याला पांघरूणही घालू नकोस. फक्त ते कुठल्या थांब्यावर घडतं ते दाखव, म्हणजे माणूस दिसेल.

पळून जाण्याचंही तेच. तुझ्या कथेत अपघातानंतर ड्रायव्हर पळतो. सर म्हणतात खलनायक, तू म्हणतेस बिचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ वाच. जखमीला मदत करणं, त्याला उपचार मिळवून देणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे, पण जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, असं कायदाच म्हणतो. म्हणजे जमाव मारतो हे कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर रस्त्यावर उतरले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा शहरातल्या लोकांना वाटलं, यांना माणसं मारायची सूट हवी आहे. मुद्दा नव्या भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२)चा होता: जीव गेला आणि न कळवता निघून गेलात तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या दंड संहितेच्या ३०४अ मध्ये कमाल दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली, ते पोटकलम सोडून. कोण बरोबर यावर वाद घाल, मीही घालतो. रस्त्यावर ज्याचा माणूस गेला त्याच्यासमोर ड्रायव्हरची बाजू मांडायला माझीही जीभ जड होते. पण तुझा सीन वादात नाही. तो आहे त्या वेळात, जेव्हा गाडी थांबलीय, इंजिन चालू आहे, आरशात माणसं धावत येताना दिसतायत आणि याचा हात दाराच्या कडीवर आहे. उतरायचं की निघायचं? तू तिथून थेट दुसऱ्या दिवशीच्या पोलीस ठाण्यात उडी मारलीस. का? मला राग येतो तो याचाच. सगळ्यात भारी जागा हातात होती आणि तू कट मारलास.

बाबा काही सांगत नाहीत, अशी तुझी तक्रार आहे. तू विचारतेस काय? "बाबा, रस्त्यावरचं आयुष्य कसं होतं?" याला कोण उत्तर देईल? त्यांना विचार, सगळ्यात वाईट गेट कुठलं. कुठला वॉचमन पाणी द्यायचा आणि कुठला द्यायचा नाही. माल कमी भरला म्हणून कुणी पैसे कापले, काय माल होता. शिव्या घालता घालता बोलतील बघ. पेन काढू नकोस. शक्य झालं तर कुठल्याशा रांगेत एक रात्र काढ, त्यांच्या ओळखीच्या माणसासोबत आणि त्यांना सांगून. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, पण रांगेत तुला जुन्याच गाड्या जास्त भेटतील. इंजिनाची धग पायाला लागते ती कशी लागते, ते बसल्याशिवाय कळणार नाही. रांगेत इंजिन बंद करून बसलं की धग जाते आणि डास येतात.

ढाब्याची मारामारी काढून टाक. सर काय म्हणतात ते मला कळवू नकोस, मी फार बोलेन. सीन चार गेटवर सुरू कर आणि तेवढाच आधी पाठव.

आणि सीन नऊमध्ये तो पावसात ताडपत्री एकटाच बांधतोय. एकट्याने ओढली तर मधे झोळ राहतो, झोळात पाणी साचतं, आणि पोचल्यावर ओल्या मालाचे पैसे त्याच्याच अंगावर येतात. हे बाबांना न विचारताही तुला माहीत असायला हवं होतं. क्लीनर नसला की मागच्या गाडीवाला उतरून दुसरं टोक धरतो. त्याला घे त्या सीनमध्ये. संवाद नको, पण नाव दे.

तुझा काका