शब्दशंका : ‘चार्ज’ या एका शब्दासाठी मराठीत इतके शब्द का?

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते. तिने ‘चार्ज’ या शब्दाचा मराठी अर्थ विचारला, तेव्हा शब्दकोशात आरोप, आकार, भार, ताबा, हल्ला असे एकमेकांशी काही संबंध नसलेले अर्थ ओळीने दिलेले दिसले. एकाच शब्दाला हे सगळे अर्थ कसे आले आणि कोणत्या ठिकाणी कोणता मराठी शब्द योजावा, हे कृपया सांगावे. — एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्याला असंबद्ध वाटलेले हे अर्थ एकाच मुळातून निघालेले आहेत. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर माल लादणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि ते फ्रेंचमार्गे ‘चार्ज’ या रूपाने इंग्रजीत आले. जहाजावरचा ‘कार्गो’ याच कुळातला आहे. ‘कॅरिकेचर’देखील याच कुळातले, कारण त्या चित्रात नाक, हनुवटी अशा एखाद्या अवयवावर वाजवीपेक्षा जास्त भार दिलेला असतो. लादणे हा मूळ अर्थ मुलीला एकदा नीट समजावून द्यावा. माणसावर काम सोपवले तर ती जबाबदारी, पैसे देण्याचे बंधन घातले तर तो आकार आणि गुन्ह्याचा ठपका ठेवला तर तो आरोप, अशी अर्थांची साखळी तिची तिलाच जुळवता येईल.

मराठीनेही बहुतेक ठिकाणी ओझ्याचीच कल्पना स्वीकारलेली आहे. अधिकारी बदलून आला की तो ‘पदभार’ स्वीकारतो, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ सांभाळतो आणि मुख्याध्यापकाची जागा रिकामी असेल तर शाळेत ‘प्रभारी’ मुख्याध्यापक नेमले जातात. ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थसुद्धा वर ठेवणे, चढवणे असाच आहे, आणि वृक्षारोपणातला ‘आरोपण’ हा त्याचाच सख्खा भाऊ आहे.

बंदुकीत दारू ठासणे यालाही इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणत. त्याला आपल्याकडे ‘बार भरणे’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. १८व्या शतकात वीज साठवण्याच्या काचेच्या बरण्यांवर प्रयोग सुरू झाले, तेव्हा भरण्याच्या या क्रियेचे नाव विजेलाही लागू झाले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी धन आणि ऋण असा भेद केला तो याच काळात. आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत त्यासाठी ‘प्रभार’ हा शब्द आहे आणि शास्त्रीय लेखनात तोच वापरावा. मोबाइल मात्र ‘चार्ज’ करावा. तो शब्द घराघरांत रुळलेला आहे आणि त्याला हटवण्यात मला काहीही हशील दिसत नाही.

पोलिसांचा ‘लाठीचार्ज’ हा अंगावर धावून जाण्याच्या अर्थातून आला आहे. ‘लाठीमार’ हा मराठी शब्द उपलब्ध असताना तोच अधिक बरा.

जिथे काळजी घेतलीच पाहिजे असे क्षेत्र कायद्याचे आहे. पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदवली जाते, तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयात आरोपपत्र, म्हणजेच ‘चार्जशीट’, दाखल करतात आणि त्यानंतर त्या कागदपत्रांवरून खटला चालवण्याजोगा आधार आहे असे न्यायालयाला वाटले, तरच न्यायालय आरोपीवर ‘चार्ज’ ठेवते. या शेवटच्या पायरीला कायद्याच्या मराठीत ‘दोषारोप’ म्हणतात. बातम्यांत या तिन्ही पायऱ्यांना सरसकट ‘चार्ज लावला’ असे म्हटले जाते. त्यामुळे ज्याच्याविरुद्ध केवळ तक्रार नोंदली गेली आहे, तो माणूसही वाचकाच्या मनात अर्धा दोषी ठरून जातो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी या पायऱ्यांचा क्रम कायम आहे. दोषारोप ठेवण्यापूर्वीच न्यायालयाने आरोपीला सोडले तर तो ‘डिस्चार्ज’ आणि खटला चालून पुराव्याअभावी किंवा निर्दोष ठरल्यामुळे सोडले तर ती निर्दोष मुक्तता. लिहिणाऱ्याने हा भेद पाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जमिनीच्या व्यवहारातला ‘चार्ज’ तर मराठीत मुळाबरहुकूम उतरला आहे. शेतकऱ्याने बँकेकडून किंवा सोसायटीकडून कर्ज घेतले की सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याचा ‘बोजा’ चढतो आणि कर्ज फेडल्यावर तो कमी करून घ्यावा लागतो. येथे बोजा आणि गहाण एकच समजू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ यानुसार गहाणात मालमत्तेतील काही हितसंबंध धनकोकडे हस्तांतरित होतो. बोजामध्ये तसे हस्तांतरण होत नाही, मात्र ती मालमत्ता कर्जाच्या रकमेला तारण म्हणून बांधलेली राहते.

प्रश्न : महावितरणच्या बिलात ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ आणि त्याखाली ‘वीज शुल्क’ असे लिहिलेले असते. आकार आणि शुल्क यांत फरक आहे का? तसेच चार्ज, फी, फेअर, टोल आणि फाइन हे सगळे पैसेच असताना इंग्रजीत इतके वेगवेगळे शब्द कशासाठी? — एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : फरक आहे आणि बिल तयार करणाऱ्यांनी तो विचारपूर्वक राखला आहे. आकार हा वीजपुरवठ्याचा मोबदला असतो. त्यात जोडणीसाठी दरमहा ठरावीक रक्कम, वापरलेल्या युनिटांची रक्कम आणि वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याची रक्कम अशी विभागणी केलेली असते. वीज शुल्क हा मात्र राज्य शासनाचा कर असून वीज कंपनी तो केवळ गोळा करते. ‘आकार’ या शब्दाने काही वाचक बिचकतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गोल, चौकोन अशा आकृती येतात. परंतु रक्कम आकारणे, जमीन महसुलाची आकारणी हे शब्द मराठी दफ्तरात चांगले मुरलेले आहेत.

इंग्रजी शब्दांत पैसे कशाबद्दल दिले जातात यावरून भेद होतो. डॉक्टर, वकील किंवा शिक्षणसंस्था यांना देतो ती फी. बस, रिक्षा, रेल्वे यांच्या प्रवासाचे देतो ते ‘फेअर’, म्हणजे भाडे. मात्र घराच्या भाड्याला इंग्रजीत ‘रेंट’ हा वेगळा शब्द आहे आणि मराठीत दोन्हींना भाडेच म्हणतात, म्हणून विद्यार्थी हमखास चुकतात. रस्ता किंवा पूल वापरल्याबद्दलचा टोल म्हणजे पथकर आणि नियम मोडल्याबद्दलचा ‘फाइन’ म्हणजे दंड. ‘चार्ज’ हा या सगळ्यांत सर्वांत सैल शब्द आहे, त्यामुळे अधिक नेमका शब्द सुचत असेल तर तोच घ्यावा.

प्रश्न : पावसाळ्यात वर्तमानपत्रांत ‘खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात विसर्ग वाढवला’ असे येते. विसर्ग म्हणजे अक्षरापुढचे दोन ठिपके ना? — एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : ते ठिपकेही विसर्गच आहेत. विसर्ग म्हणजे सोडणे. उच्चारात श्वास सोडला जातो, धरणातून पाणी सोडले जाते. येथे तो ‘डिस्चार्ज’ या शब्दाचा प्रतिशब्द आहे आणि ‘डिस्चार्ज’ म्हणजे मुळात लादलेले उतरवणे. हा विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. म्हणजे १०,००० क्युसेक विसर्ग सुरू असल्याचे वाचले, तर दर सेकंदाला सुमारे २,८०,००० लिटर पाणी नदीत येत आहे, असे समजावे. नदीकाठच्या वस्त्यांसाठी ही बातमी सावधगिरीची सूचना असते. म्हणून वर्तमानपत्रांनी या संज्ञेसोबत ‘पाणी सोडले’ असे साध्या मराठीतही लिहावे, असे मला वाटते. याच कुटुंबातील ‘रिचार्ज’ मोबाइलपुरता इंग्रजीत राहिला असला, तरी भूजलाच्या संदर्भात त्याला ‘पुनर्भरण’ हा अत्यंत सुबोध शब्द मिळालेला आहे.

प्रश्न : ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत फरक काय? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अर्थ नेमका उलटा होतो. परिचारिका वॉर्डच्या ‘इन चार्ज’ आहे असे म्हटले तर वॉर्ड तिच्या अखत्यारीत असतो. मूल परिचारिकेच्या ‘इन द चार्ज ऑफ’ आहे असे म्हटले तर ते मूल तिच्या स्वाधीन केलेले असते. त्याचप्रमाणे आरोपाच्या अर्थी ‘चार्ज्ड विथ’ आणि पैशांच्या अर्थी ‘चार्ज्ड फॉर’ असे लिहावे. आरोपाच्याच अर्थाच्या ‘अॅक्यूज’ या क्रियापदापुढे मात्र ‘ऑफ’ येतो.