चेल्टनहॅमच्या हँडिकॅप हर्डलमध्ये व्हॅल्यू बेट कशी निवडायची?

तुम्ही नुकतेच इंग्लंडला आलात, महालक्ष्मीला वडिलांबरोबर रेस बघत मोठे झालात आणि आता मार्चमधल्या चेल्टनहॅमच्या काउंटी हर्डलमध्ये घोडा कसा निवडायचा, असं विचारताय. महालक्ष्मीचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. हँडिकॅपचं, म्हणजे रेटिंग जास्त तर पाठीवर वजन जास्त, हे तत्त्व तेच आहे. पण तिकडे सगळ्या शर्यती सपाट. इथे किमान दोन मैल, वाटेत हर्डल, म्हणजे उडी मारून ओलांडायचे अडथळे, आणि शेवटी दम काढणारा चढ.

आधी भावाचं बघू. १४/१ म्हणजे एका पाउंडावर चौदा पाउंड नफा; त्यातून निघणारी जिंकण्याची शक्यता पंधरांत एकदा, साधारण ६.७ टक्के. तुमचा अभ्यास सांगत असेल की हा घोडा अकरांत एकदा जिंकण्याच्या लायकीचा आहे, तर तुमच्या हिशेबाने त्याचा भाव १०/१ हवा. मग १४/१ मिळतोय तर घ्या. तोच घोडा ८/१ वर आला तर सोडा, आणि नंतर तो जिंकला तरी हळहळू नका. ‘कोण जिंकेल’ आणि ‘कोणाचा भाव चुकलाय’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि व्हॅल्यू फक्त दुसऱ्यात असते. म्हणून बुकींचे भाव बघण्याआधी स्वतःचे भाव कागदावर लिहा. सगळ्या घोड्यांचे नकोत, ज्यांच्याबद्दल ठाम मत आहे अशा पाच-सहांचे पुरेत. भाव आधी बघितले की मत आपोआप त्यांच्याकडे झुकतं.

आता चूक कुठे शोधायची? हँडिकॅपर, म्हणजे रेटिंग ठरवणारा अधिकारी, घोड्याने जे करून दाखवलंय त्यालाच रेटिंग देतो. अजून न दाखवलेलं तो मोजू शकत नाही. दोन मैलांत सहावा-सातवा येणारा, मधे वेगात मागे पडून शेवटी पुन्हा पुढचे घोडे गाठणारा घोडा बघा. त्याचं रेटिंग दोन मैलांवरून ठरलेलं असतं. तोच जर चेल्टनहॅमच्याच दोन मैल पाच फर्लांगच्या हँडिकॅपला उतरला तर ते वजन त्याला हलकं पडू शकतं. मैदानाचंही तसंच आहे: कोरड्या मैदानावर हरून रेटिंग खाली आलेला घोडा चिखलात वेगळाच पळतो.

यासाठी निकालाचा तक्ता पुरत नाही, जुन्या शर्यतींचे व्हिडिओ बघा. मी सर्वांत जास्त वेळ उड्यांवर घालवतो. चेल्टनहॅमला घोडे डावीकडे वळतात. केम्प्टन, सँडाउन, अ‍ॅस्कॉटला उजवीकडे. केम्प्टनला प्रत्येक हर्डलवर डावीकडे तिरका उडी मारणारा घोडा दर वेळी थोडी जागा गमावतो. तक्त्यात नुसतं ‘आठवा’ दिसतं आणि रेटिंग दोन-चार पाउंड (वजनाचे) उतरतं. चेल्टनहॅमला तीच सवय त्याला आतल्या बाजूला ठेवते. असा घोडा सापडला की मला खरंच आनंद होतो, कारण ही गोष्ट आकड्यांत सहसा उतरत नाही. उलट, उजवीकडे झुकणारा फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, असेल तर त्याच्यावर पैसे लावू नका.

ट्रेनरकडे दुर्लक्ष करू नका. २०१५ ते २०२५ या काळात काउंटी हर्डल फक्त एकदा, २०२१ मध्ये, विली मलिन्स आणि डॅन स्केल्टन या दोघांच्या तबेल्यांबाहेर गेली. पण भाव बघा: मलिन्सचा स्टेट मॅन २०२२ मध्ये ११/४ ला जिंकला, तर स्केल्टनचे मोहायद (२०१८) आणि फेव्हॉर (२०२३) दोन्ही ३३/१ ला. मलिन्सचं नाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्याच्या चर्चेतल्या घोड्यांच्या भावात ते आधीच मोजलेलं असतं. आणि वजन सर्वांत जास्त म्हणून घोडा कापू नका. मलिन्सचाच आर्क्टिक फायर २०१७ मध्ये सर्वाधिक वजन घेऊन, वर्षभरापेक्षा जास्त विश्रांतीनंतर, २०/१ ला जिंकला होता.

एवढ्या मोठ्या शर्यतीत मी बहुतेक वेळा ईच-वे खेळतो, म्हणजे अर्धे पैसे जिंकण्यावर आणि अर्धे पहिल्या काही जागांत येण्यावर. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपला नेहमीचा नियम म्हणजे पहिले चार, पाव भावाने. १४/१ ला पाच पाउंड ईच-वे लावले तर एकूण दहा पाउंड जातात. घोडा चौथा आला तर जिंकण्याचे पाच बुडाले, पण जागेचे पाच साडेतीनच्या भावाने साडेबावीस होऊन परत येतात. मोठ्या शर्यतींना काही बुकी पाच-सहा जागाही देतात, म्हणून लावण्याआधी तुलना करा. फक्त जागा वाढवताना पावऐवजी पाचवा हिस्सा केलाय का, ते वाचा.

भाव कधी घ्यायचा, ते घोड्यावर ठरवा. मैदान कसंही असलं तरी चालणारा असेल तर लवकर घ्या. मऊ मैदानच लागणारा असेल तर त्या सकाळी मैदान कसं आहे ते जाहीर होईपर्यंत थांबा. पाऊस पडला की त्याचा भाव थोडा खाली येईल, तो फरक सोसा. नाहीच पडला तर त्या शर्यतीत पैसे लावायचे नाहीत.