तुमचे प्रश्न : लिनक्सची मेमरी आणि स्वॅप

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, रॅम ८ जीबी. टर्मिनलमध्ये ‘फ्री -एच’ दिलं की ‘फ्री’खाली जेमतेम ३०० एमबी दिसतात, स्वॅपही (रॅमच्या मदतीला डिस्कवर राखलेली जागा) ६०० एमबी वापरलेलं. रॅम वाढवावी का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : एवढ्यावरून तर मुळीच नको. ‘फ्री’चा आकडा सोडा, शेवटचा ‘अव्हेलेबल’ रकाना बघा. डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली लिनक्स रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतं. तीच ‘बफ/कॅश’मधली मेमरी. प्रोग्रॅमला जागा लागली की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यातली बरीचशी लगेच मोकळी करतो. ‘अव्हेलेबल’मध्ये दीड-दोन जीबी असतील तर निर्धास्त राहा. कॅश रिकामी करायच्या कमांड सुचवणारे बरेच भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. त्याने मशीन उलट मंदावतं.

स्वॅपमध्ये गेलेला डेटा बहुधा सुरुवातीला एकदा लागलेला आणि नंतर कुणी न विचारलेला असतो. तो तिथे पडून राहिला तर काही बिघडत नाही. आत्ता ये-जा चालू आहे का, ते महत्त्वाचं. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी, ती धरू नका. पुढच्या ओळींत ‘एसआय’ (स्वॅपमधून रॅममध्ये) आणि ‘एसओ’ (रॅममधून स्वॅपमध्ये) या रकान्यांखाली शून्य किंवा अधूनमधून एखादा आकडा असेल तर ठीक. दोन्ही रकाने सतत शेकड्या-हजारांत राहिले, तरच रॅम कमी पडतेय.

प्रश्न : जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क, उबुंटू. दहा-बारा टॅब उघडले की माउससुद्धा हलत नाही. स्वॅप बंद केलं तर? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दुखणं वाढेल. स्वॅप नसलं की प्रोग्रॅमचा चालू डेटा कर्नलला कुठे हलवता येत नाही. मग तो प्रोग्रॅमच्या कोडची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) टाकून देतो, कारण ती मूळ फाइलीतून परत वाचता येतात. पण तीच पुढच्या क्षणी लागतात, वाचली जातात, पुन्हा टाकली जातात. डिस्कचा दिवा अखंड पेटलेला आणि पडदा गोठलेला, तो यामुळे. अखेर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोग्रॅम बंद पाडणारा कर्नलचा भाग) एखादा प्रोग्रॅम मारतो, पण फार उशिरा.

तुम्हाला झेडरॅम हवं. यात पानं डिस्कवर न जाता रॅममध्येच कॉम्प्रेस होऊन राहतात, साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी जागेत. फेडोरात २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून ते आपोआप असतं. उबुंटूवर ‘झेडरॅम-टूल्स’ पॅकेज घ्या, ‘/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’मध्ये ‘अल्गो’ झेडएसटीडी (कॉम्प्रेस करायची पद्धत) आणि ‘पर्सेंट’ (रॅमच्या किती टक्के) ५० करा. या ओळींपुढचं # काढायचं राहिलं तर बदल लागूच होत नाही. ‘झेडरॅमस्वॅप’ सर्व्हिस रीस्टार्ट करून ‘स्वॅपऑन --शो’ बघा : झेडरॅमची प्रायॉरिटी डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा जास्त हवी. ‘स्वॅपीनेस’ (कर्नल स्वॅपकडे किती लवकर वळतो, ते ठरवणारा आकडा) मुळात ६० असतं, ते १०० करा.

डिस्कवरची स्वॅप फाइल काढू नका, ती शेवटचा आधार. वाढवायची तर ब्राउझर बंद करून आधी ‘स्वॅपऑफ’ (स्वॅपमधलं सगळं रॅममध्ये मावायला हवं). मग ‘डीडी’ने ४ जीबीची फाइल, ‘सीएचमॉड ६००’ (परवानगी फक्त मालकाला), ‘एमकेस्वॅप’ (फाइल स्वॅपसाठी तयार), ‘स्वॅपऑन’ (चालू), याच क्रमाने. ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी) फाइलीची ओळ आहे ना, तेही तपासा; नसेल तर रीस्टार्टनंतर स्वॅप गायब. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) वापरायचं असेल तर मात्र झेडरॅम उपयोगाचं नाही, त्यासाठी डिस्कवर रॅमएवढं स्वॅप ठेवा.