निवाडा टिकला पाहिजे : आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशनमधली वकिली आणि अभ्यास

आंतरराष्ट्रीय व्यापारी वाद कोर्टाऐवजी लवादापुढे चालवणाऱ्या वकिलीबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत आर्बिट्रेटरसाठी ‘लवाद’ आणि अवॉर्डसाठी ‘निवाडा’ हे शब्द वापरले आहेत. ‘सीट’ म्हणजे लवादाचं कायदेशीर ठाणं. सुनावणी प्रत्यक्षात दुसऱ्या शहरात झाली तरी निवाडा रद्द करण्याचा अर्ज सीटच्या देशातल्या कोर्टातच करावा लागतो.

प्रश्न : मी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. या क्षेत्रात यायचं असेल तर सुरुवात कुठून करू? परदेशातलं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) लागतंच का?

सुरुवात एलएलएमपासून नको. ती १९५८च्या न्यूयॉर्क करारापासून करा. यात अवघी सोळा कलमं आहेत, पण जगातल्या बहुतेक देशांत परकीय निवाड्याची अंमलबजावणी याच करारावर चालते. कलम २ लवादाचा करार कसा असावा हे सांगतं आणि कलम ४ अंमलबजावणीच्या अर्जासोबत कोणते कागद जोडायचे हे सांगतं. कलम ५ मध्ये अंमलबजावणी नाकारण्याची सात कारणं आहेत. पाच कारणं विरोध करणाऱ्या पक्षाने सिद्ध करायची असतात, दोन कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. निवाडा चुकीचा आहे, हे कारण त्या सातांत नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचं बरंच सोपं होतं.

त्यानंतर अनसिट्रालचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाचा, १९८५चा नमुना कायदा त्याच्या २००६च्या दुरुस्त्यांसह वाचा. मग एखाद्या संस्थेची नियमावली घ्या. समजा आयसीसीची (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) घेतली, तर कागदावर आडवी रेघ मारून टप्पे मांडा : दाव्याची विनंती, ती मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर, फाइल लवाद मंडळाकडे गेल्यापासून ३० दिवसांत ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’ (वादाची व्याप्ती मांडणारा दस्तऐवज), आणि तिथून साधारण सहा महिन्यांत अंतिम निवाडा. ही शेवटची मुदत बहुतेक वेळा वाढवली जाते. बरेच विद्यार्थी थेट जाडजूड भाष्यग्रंथांकडे वळतात. मग मतं पाठ होतात, पण कलमाचे शब्द विचारले की गडबडतात.

व्हिएन्नाची व्हिस मूट, म्हणजे विद्यार्थ्यांनी लवादापुढे काल्पनिक वाद चालवायची स्पर्धा, जमली तर जरूर करा. ती १९९३-९४पासून चालू आहे आणि हाँगकाँगची तिची जोडस्पर्धा २००४पासून. ऑक्टोबरात प्रश्नपत्र येतं, डिसेंबरात दावेदाराचं निवेदन द्यायचं, जानेवारीत प्रतिवादीचं, आणि वसंतात तोंडी फेऱ्या. खरी शिकवण यात आहे की आठ आठवडे जी बाजू जीव तोडून मांडली, तीच पुढे खोडून काढायची असते.

एलएलएमचं म्हणाल, तर आधी दोन वर्षं काम करून गेलात तर त्या वर्षाचा उपयोग दुप्पट होतो. प्रश्न सोबत घेऊन गेलं की वर्गात काय ऐकायचं ते कळतं. विद्यापीठाच्या नावापेक्षा तिथे शिकवणारे लोक स्वतः प्रकरणं चालवतात का, हे पाहा. आणि हिशेब शिका. नुकसानभरपाईचा अहवाल, भविष्यातल्या रोकड प्रवाहाचं आजचं मूल्य, व्याजाची आकारणी हे समजत नसेल, तर दाव्यातला सगळ्यात महागडा भाग तुमच्यासाठी बंद दरवाजा राहतो.

प्रश्न : नवीन वकिलाला पहिली दोन वर्षं नेमकं काय काम असतं? युक्तिवाद करायला कधी मिळतो?

पहिली दोन वर्षं कागदांची असतात, आणि ते काम दुय्यम समजणारा पुढे चांगला युक्तिवाद करू शकत नाही.

पहिला कागद म्हणजे लवाद मंडळाचा पहिला कार्यपद्धती आदेश. त्यात तारखा, पानांची मर्यादा, पुराव्यांची नावं द्यायची पद्धत सगळं ठरतं. सहसा दावेदाराचे पुरावे सी-१, सी-२ असे, प्रतिवादीचे आर-१, आर-२ असे, आणि कायद्याचे आधार सीएल व आरएल या मालिकेत येतात. एकदा दिलेला क्रमांक शेवटपर्यंत बदलायचा नाही. मधला एक पुरावा काढून पुढचे क्रमांक सरकवले, की आधीच्या निवेदनांतल्या शेकडो तळटीपा चुकीच्या ठरतात.

मग कालपट. रकाने पाच ठेवा : तारीख, घटना, पुराव्याचा क्रमांक, पान, आणि ही गोष्ट विरुद्ध पक्षाला मान्य आहे की नाही. यात हमखास होणारी चूक तारखेची. ०३/०४ म्हणजे एका देशात ३ एप्रिल आणि दुसऱ्यात ४ मार्च. मुदतीत नोटीस दिली की नाही यावरच वाद असेल, तर ही चूक प्रकरण बुडवू शकते. महिना अक्षरांत लिहा. ई-मेलची वेळ कोणत्या टाइमझोनची आहे तेही नोंदवा. एकाच ई-मेलच्या साखळीच्या दहा प्रती येतात. त्यातली पूर्ण साखळी ठेवा, पण मधल्या एखाद्या प्रतीत वेगळी जोडणी (अटॅचमेंट) आहे का ते बघितल्याशिवाय बाकीच्या काढू नका.

तिसरं काम रेडफर्न तक्त्याचं. विरुद्ध पक्षाकडून कागद मागायचा हा चार रकान्यांचा तक्ता : काय हवं, का हवं, हरकत काय, आणि मंडळाचा निर्णय. ‘कराराशी संबंधित सर्व पत्रव्यवहार’ असं मागितलं की मागणी फेटाळली जाते, कारण पुराव्यांविषयीचे आयबीएचे, म्हणजे इंटरनॅशनल बार असोसिएशनचे, नियम (सध्याची आवृत्ती २०२०ची) नेमकी आणि मर्यादित मागणी अपेक्षितात, आणि कागद निकालासाठी महत्त्वाचा असावा लागतो. याउलट ‘१ मार्च ते ३० जून या काळात प्रकल्प व्यवस्थापक आणि उपकंत्राटदार यांच्यात झालेले, टर्बाइनच्या शाफ्ट चाचणीचे अहवाल’ ही मागणी टिकते. ‘का हवं’ या रकान्यात आपल्या निवेदनातल्या परिच्छेदाचा क्रमांक दिला पाहिजे. तो नसला की मंडळाला सगळं शोधत बसावं लागतं, आणि शंकेचा फायदा समोरच्याला जातो.

याच टप्प्यावर एक धोका असतो. विरुद्ध पक्षाचा त्यांच्या वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार चुकून किंवा कुणी फोडल्यामुळे तुमच्या हाती आला, तर वाचन तिथेच थांबवा आणि वरिष्ठांना लेखी कळवा. २०२३मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने पी अँड आयडी या कंपनीला नायजेरियाविरुद्ध मिळालेला निवाडा फसवणुकीच्या कारणावरून रद्द केला. मूळ रक्कम ६.६ अब्ज डॉलर, व्याजासह ११ अब्जांच्या वर. खोटी साक्ष आणि लाच यांच्या जोडीला तिसरं कारण हेच होतं : नायजेरियाचे अंतर्गत कायदेशीर कागद दावेदाराकडे आले आणि त्याने ते ठेवून घेतले.

युक्तिवादाची संधी आधी छोट्या भागावर मिळते. एखाद्या साक्षीदाराची अर्ध्या तासाची उलटतपासणी, किंवा खर्चाच्या मागणीवरचं निवेदन. सुनावणीत दोन्ही बाजूंना मोजून वेळ दिलेला असतो आणि बुद्धिबळाच्या घड्याळासारखा तो वापरला जातो. साक्षीदार लांबण लावतो तेव्हा वेळ तुमचाच संपत असतो. म्हणून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असा प्रश्न, आणि त्याआधी समोर उघडलेला कागद.

प्रश्न : भाषा किती याव्या लागतात?

कामापुरती एक उत्तम, म्हणजे बहुधा इंग्रजी. दुसरी भाषा फ्रेंच किंवा स्पॅनिश असेल तर कामाचा पल्ला मोठा होतो. मूळ कागद वाचता येतील इतकी ती हवी. मोडकीतोडकी बोलता येऊन फारसा फायदा नाही.

प्रश्न : मला या विषयात संशोधन करायचं आहे, पण निवाडे तर गोपनीय असतात. मग अभ्यास कशावर करायचा?

व्यापारी निवाडे बहुतेक गोपनीय, हे खरं. पण निवाडा रद्द करायचा किंवा अंमलात आणायचा अर्ज कोर्टात गेला, की कोर्टाचा निकाल सार्वजनिक होतो, आणि कायद्याचे अवघड प्रश्न तिथेच उघडे पडतात. शिवाय गुंतवणूकदार आणि राज्य यांच्यातले बरेच निवाडे प्रसिद्ध होतात, आणि काही संस्था नावं वगळून उतारे छापतात.

एक प्रकरण घेऊन कसं काम करायचं ते पाहा. डल्लाह नावाच्या कंपनीने पाकिस्तान सरकारने स्थापलेल्या एका ट्रस्टशी मक्केत यात्रेकरूंच्या निवासाबद्दल करार केला. ज्या अध्यादेशावर ट्रस्ट उभा होता तो संपला आणि ट्रस्टही संपला. पॅरिसमध्ये बसलेल्या लवाद मंडळाने ठरवलं की करारावर सही न केलेलं सरकारही त्यात बांधलेलं आहे. नोव्हेंबर २०१०मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी नाकारली. फेब्रुवारी २०११मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने तोच निवाडा रद्द करायला नकार दिला. दोन्ही कोर्टांनी फ्रेंच कायदाच लावला होता.

इथे संशोधकाचा प्रश्न ‘कोण बरोबर?’ हा नाही. एकच कायदा लावून दोन उत्तरं आली ती कुठे फाटली, हा आहे. ती जागा शोधायला दोन्ही निकालांतले परिच्छेद समोरासमोर ठेवावे लागतात : सरकार बांधलं जायला काय दाखवावं लागतं याची कसोटी कोणी कशी मांडली, आणि वाटाघाटीत सरकारचा वाटा, ट्रस्ट संपल्यावरची पत्रं या वस्तुस्थितींना कोणी किती वजन दिलं.

पहिला लेख असा एकाच प्रश्नावर लिहा. बहुतेक हस्तलिखितं दोन कारणांनी परत येतात. एक, निम्मी पानं घटनाक्रम सांगण्यात जातात. दोन, शेवटी ‘कोर्टांनी आर्बिट्रेशनला अधिक पाठिंबा द्यावा’ असा कोणालाही न दुखावणारा निष्कर्ष येतो. त्यापेक्षा एखादा शब्द करारात कसा आला, मसुद्यावरच्या चर्चेत कोणता पर्याय नाकारला गेला, हे दाखवलंत तर प्रकरण चालवणारे वकील तुमचा लेख पुराव्यात जोडतील. आपल्या कार्यालयाच्या चालू प्रकरणाला लागून असलेल्या विषयावर मात्र परवानगीशिवाय एक ओळही प्रसिद्ध करू नका. पक्षाची नावं वगळली तरी प्रकरण ओळखू येतं.

प्रश्न : सीट महत्त्वाची की नाही यावर विद्वानांचे एवढे वाद का? व्यवहारात त्याचा काय उपयोग?

फार मोठा उपयोग आहे, आणि तो इमान्युएल गायार यांच्या कामात नीट दिसतो. पॅरिसमध्ये वकिली करणारे, लवाद म्हणून बसणारे आणि अध्यापन करणारे गायार २०२१मध्ये गेले. हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीतल्या २००७च्या व्याख्यानांत त्यांनी विचारलं की लवादाला निवाडा करण्याचा अधिकार येतो तरी कुठून? एक मत म्हणजे तो सीटच्या देशाकडून येतो. दुसरं, तो निवाड्याला मान्यता देणाऱ्या सगळ्या देशांकडून येतो. तिसरं मत त्यांचं स्वतःचं : अनेक देशांच्या कायद्यांतल्या सामाईक तत्त्वांतून लवादाची एक स्वतंत्र कायदेशीर व्यवस्था तयार झाली आहे.

आता व्यवहार. सीटच्या देशातल्या कोर्टाने निवाडा रद्द केला, तर तो दुसऱ्या देशात वसूल होईल का? पहिलं मत धरलं तर जे रद्द झालं ते संपलं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९४च्या हिल्मार्टन आणि २००७च्या पुत्रबाली प्रकरणांत परदेशात रद्द झालेला निवाडाही मान्य केला. न्यूयॉर्क करारातल्या कलम ७मुळे याला वाट मिळते, कारण देशाचा कायदा अधिक उदार असेल तर पक्षाला तो वापरता येतो. म्हणजे प्रतिवादीची मालमत्ता फ्रान्समध्ये असेल, तर सीटवर हरल्यावरही अशिलाला सांगण्यासारखं काही उरतं. अशा ठिकाणी सिद्धांत थेट वसुलीच्या सल्ल्यात उतरतो.

तरी सीटची पकड सैल समजू नका. गायार युकोस तेल कंपनीच्या बहुसंख्य भागधारकांचे वकील होते. जुलै २०१४मध्ये रशियाविरुद्ध मिळालेले एकूण सुमारे ५० अब्ज डॉलरचे निवाडे सीट हेग असल्यामुळे तिथल्या जिल्हा कोर्टात गेले, २०१६मध्ये रद्द झाले आणि २०२०मध्ये अपिलात पुन्हा उभे राहिले. करार लिहिताना सीट कोणती घ्यायची, हा शेवटच्या रात्री घाईत उरकायचा मुद्दा का नाही, ते यावरून दिसतं.

प्रश्न : ठाम मत छापलं तर पुढे लवाद म्हणून नेमणूक अडेल का?

सहसा अडत नाही. उर्बासेर विरुद्ध अर्जेंटिना प्रकरणात प्राध्यापक कॅम्पबेल मॅकलॅक्लन यांच्यावर त्यांच्या लिखाणावरून हरकत घेतली गेली. २०१०मध्ये ती फेटाळली गेली. हितसंबंधांविषयीच्या आयबीएच्या मार्गदर्शक सूचनाही सर्वसाधारण कायदेशीर मताला हिरव्या यादीत ठेवतात, म्हणजे ते उघड करण्याचीही सक्ती नाही. लेख चालू प्रकरणावरच असेल तर गोष्ट वेगळी. मत लिहा, पण कोणत्या वस्तुस्थितीत ते बदलेल तेही लिहा. एकाच वेळी वकील आणि लवाद अशा दोन टोप्या घालणं याहून जास्त अडचणीचं आहे; गुंतवणूक वादांसाठी २०२३मध्ये आलेल्या आचारसंहितेने त्यावर मर्यादा घातल्या आहेत.

प्रश्न : पहिली नेमणूक कशी मिळते, आणि मिळाल्यावर कशात चूक होते?

पहिली नेमणूक बहुधा संस्थेकडून, लहान रकमेच्या जलद प्रक्रियेतल्या एकल लवादाची असते. त्याआधी लवाद मंडळाचा सचिव म्हणून काम केलं असेल तर फार उपयोग होतो, कारण मंडळाच्या बाजूने फाइल कशी दिसते ते कळतं.

नेमणूक स्वीकारण्यापूर्वी पक्षांची, त्यांच्या मूळ कंपन्यांची, वकिलांची आणि खर्च पुरवणाऱ्या वित्तपुरवठादाराची नावं तपासा. संशय आला तर उघड करा. हॅलिबर्टन विरुद्ध चब प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं की एकाच घटनेतून निघालेल्या, एक पक्ष सामाईक असलेल्या दुसऱ्या नेमणुकीची माहिती देणं हे लवादाचं कायदेशीर कर्तव्य असू शकतं. त्या प्रकरणात लवाद हटले नाहीत, पण माहिती न देण्यात चूक झाली असं न्यायालयाने म्हटलं.

निवाडा लिहिताना शेवटचा आदेशाचा भाग आधी तपासा. प्रत्येक मागणीसमोर ‘मंजूर’, ‘नामंजूर’ किंवा ‘निर्णयाची गरज नाही’ यांपैकी एक आलं पाहिजे. एखादी मागणी सुटली तर पक्ष परत येतो, आणि न मागितलेलं दिलं तर रद्द करायचं कारण तयार होतं. व्याज कोणत्या तारखेपासून, किती दराने, कोणत्या चलनावर, हे अंकांत लिहा. पक्षांची नावं नोंदणीप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळवा, कारण अंमलबजावणीचं कोर्ट पहिल्यांदा तेच बघतं. नमुना कायद्याप्रमाणे निवाडा लेखी, कारणांसह, सहीचा हवा, आणि त्यावर तारीख व सीट हवी. आकडेमोडीची चूक दुरुस्त करायला पक्षांकडे निवाडा मिळाल्यापासून ३० दिवस असतात. म्हणून सही करण्याआधी बेरजा दुसऱ्या माणसाकडून, स्वतंत्र कागदावर, पहिल्यापासून करून घ्या.