नवऱ्याची सही नाही म्हणून मुलाचा दाखला आणि ऑपरेशन अडवता येतं का?

तुमचा प्रश्न असा: घटस्फोट झालेला नाही, नऊ वर्षांचा मुलगा तुमच्याजवळ राहतो. वडिलांच्या सहीशिवाय जुनी शाळा नव्या शाळेतल्या प्रवेशासाठी लागणारा दाखला देत नाही आणि रुग्णालय टॉन्सिलच्या ऑपरेशनची तारीख देत नाही.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील, मग आई असा क्रम आहे. बहुतेक लिपिक तिथंच थांबतात. पण गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1999 साली स्पष्ट केलं की वडील हयात असूनही मुलाकडे बघत नसतील, तर आई नैसर्गिक पालक असते. हा कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे.

शाळेचं आधी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे पहिली ते आठवीतलं मूल शाळा बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश घेत असेल, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून ती नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. तोंडी विचारत बसू नका. लेखी अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या आणि नकार असेल तर तो नियमासह लेखी मागा. तरीही अडवलं तर तीच पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे (शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे) तक्रार करा. पोच नसली की तक्रार तिथंच लटकते.

रुग्णालयाचं थोडं वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 नुसार बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची किंवा ज्याच्या कायदेशीर ताब्यात मूल आहे त्याची संमती डॉक्टरांना संरक्षण देते. दोन सह्या हव्यात असं त्यात कुठंही नाही. जीव धोक्यात असेल आणि संमती द्यायला वेळेत कुणीच नसेल, तर कलम 30 खाली संमतीशिवायही उपचार करता येतात. टॉन्सिल तातडीचं नसतं, म्हणून मूल कधीपासून तुमच्याजवळ आहे आणि वडील का उपलब्ध नाहीत हे लिहून द्या. घाईत 'वडील हयात नाहीत' असं मात्र लिहू नका. पुढं ताब्याच्या खटल्यात तेच तुमच्यावर उलटतं.

वडिलांनी लेखी हरकत घेतली असेल, तर न्यायालयाचा आदेशच लागेल. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अंतरिम अर्ज करा, नसेल तर मूल राहतं तिथल्या कौटुंबिक किंवा जिल्हा न्यायालयात. माझा आग्रह असा की त्यात पूर्ण ताबा मागत बसण्याऐवजी आधी फक्त या ऑपरेशनपुरती आणि या प्रवेशापुरती परवानगी मागा. ऑपरेशन का आणि कधीपर्यंत हवं, हे सांगणारं डॉक्टरांचं पत्र अर्जाला जोडाच.