ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात गच्चीवरची भाजी कशी जगवायची?

तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी पुण्याहून ग्वाल्हेरला आलात, गच्चीवर पंधरा-वीस कुंड्यांत भाज्या लावल्या आणि "दिवसातून तीनदा पाणी घालूनही" मेमध्ये सगळं जळून गेलं. हिरवी जाळी किती टक्क्यांची घ्यावी, की इथे हा नादच सोडून द्यावा, असं विचारताय.

नाद सोडू नका. जाळी 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, घ्या. पण तुमची झाडं जाळीवाचून गेली असं मला वाटत नाही. ती त्या तीनदा घातलेल्या पाण्याने गेली. तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या घरातलं 2024 सालचं नवतप (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) आठवलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जुनं, दगडी फरश्यांच्या छताचं. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा वाजता अनवाणी गेलं तरी तळव्यांना चटका देतो. याच गच्चीवर मी बावीस वर्षं भाजी लावतेय. त्या मेच्या शेवटी नाशिकला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मला सहा दिवस जावं लागलं. नवतप 25 मेच्या सुमारास, सूर्य रोहिणीत गेला की लागतं, म्हणजे नेमके तेच दिवस. चौतीस कुंड्या मी थोरल्या भाऊजींच्या हवाली केल्या. भाऊजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अतिशय जबाबदार माणूस. मी कागदावर लिहून दिलं होतं: सकाळी सहाच्या आत एकदा पाणी, दुपारी हात लावायचा नाही. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

पहिल्याच दुपारी भाऊजी एक वाजता वर गेले. दुधी, काकडी, वांगी सगळ्यांनी माना टाकलेल्या. त्यांचा जीव कळवळला. गच्चीवरच्या काळ्या टाकीला पाइप जोडून त्यांनी सगळ्यांना पोटभर पाणी पाजलं, आणि मग रोज तेच केलं. फोनवर मला म्हणायचे, "तू काळजी करू नकोस, मी सकाळी पण देतोय आणि दुपारी पण."

परत आल्या आल्या मी तशीच वर गेले. लूने, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याने, जळालेलं पान मला ओळखता येतं. ते कडांनी तपकिरी होतं, कुरकुरीत होतं, हातात चुरतं. ही पानं तशी नव्हती. उकडलेल्या पालकासारखी लिबलिबीत लोंबत होती आणि कुंडीत चिखल होता. एक वांगं उपटलं. मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरून ओढली तर वरची साल सुटून माझ्या बोटांत आली आणि आतला दोरा तेवढा झाडाला राहिला. वास गटारासारखा.

भाऊजी म्हणाले, "ग्वाल्हेरचं ऊन गं, कोण टिकणार यात? पारा 47वर गेला होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मी मुलाचा दही लावायचा थर्मामीटर घेऊन वर गेले आणि तोच पाइप बादलीत सोडला. पाइपात पडून राहिलेलं पहिलं पाणी 57 अंश. त्यामागून टाकीतलं आलं ते 45. मुळांना साधारण 38-40च्या पुढची माती सोसत नाही, आणि आम्ही त्यांना रोज दुपारी चहाइतकं गरम पाणी पाजत होतो. त्यात मुळाशी चिखल, म्हणजे हवा बंद. शिजायचं ते शिजलं आणि उरलं ते कुजलं.

आणि खरा पुरावा तर टाकीच्या मागे होता. तिथे तीन थर्मोकोलच्या खोक्यांत चवळी, गवार आणि लाल माठ. तिथवर पाइप पोचत नाही, म्हणून भाऊजींनी ती सोडून दिली होती. जाऊबाई रोज सकाळी प्यायचा माठ धुताना तळाचं उरलेलं पाणी तेवढं त्यांना टाकायच्या. तीच गच्ची, तीच लू, तोच 47चा पारा. तिन्ही खोकी हिरवीगार. चवळीला तर फुलं होती.

हे सगळं दाखवूनही भाऊजी आजतागायत म्हणतात की झाडं तहानलेली होती आणि उन्हाने गेली. म्हणून तुम्हाला नीट सांगते, म्हणजे तुमच्या घरात तरी हा वाद व्हायला नको. वेलवर्गीय भाज्यांचं पान मोठं असतं. भर दुपारी त्यातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं ओढू शकत नाहीत, कुंडीत कितीही पाणी असलं तरी. मग पान मान टाकतं. पडलेल्या पानावर ऊनही कमी लागतं, त्यामुळे ती झाडाची स्वतःला सांभाळायची रीतच आहे. संध्याकाळी सातला जाऊन बघा, ताठ उभं असेल. सकाळी सहालाही पडलेलंच असेल तर मात्र त्याला तहान लागली आहे. शंका आली तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली की परत खाली या, वर थांबलात तर हात शिवशिवतात.

आता तुमची जाळी. 75 टक्क्यांची लोक सर्रास विकतात, ती फुलझाडांच्या रोपवाटिकेला ठीक. भाजी तिच्याखाली नुसती लांबते आणि फळ धरत नाही. 50ची घ्या आणि झाडांपासून हात-दीड हात वर ताणा, पानांना टेकू देऊ नका. त्याहून मोठं काम पश्चिमेचा आडोसा. इकडची लू पश्चिमेकडून येते आणि डोक्यावरच्या उन्हापेक्षा ती जास्त सुकवते. बांबूचा तट्ट्या किंवा कूलरचे जुने वाळ्याचे पडदे पश्चिमेच्या कठड्याला बांधा. कुंड्या थेट दगडावर ठेवू नका, खाली दोन-दोन विटा द्या म्हणजे मधून हवा खेळेल. काळ्या पिशव्या असतील तर त्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा. मातीवर आच्छादन हवंच. उसाच्या रसाच्या गाडीवर चिपाडं फुकट मिळतात. ती दोन दिवस कडकडीत वाळवून मग घाला, ओली घातलीत तर आंबतात आणि मुंग्या येतात. तिघरा धरणाचं नळाचं पाणी उन्हाळ्यात एक दिवसाआड आलं तरी मला या चिपाडांमुळे पुरलं आहे.

मेमध्ये टोमॅटो धरायचा हट्ट सोडा. दिवसा 35च्या वर आणि रात्रीही गच्ची तापलेली, अशात त्याचं फूल गळतंच. पाणी, खत, फवारे, कशानेही थांबत नाही. टोमॅटोची रोपं पावसाळ्याच्या उतरणीला लावा. उन्हाळा भेंडी, गवार, चवळी, लाल माठ आणि घोसाळ्याचा. भेंडी फेब्रुवारीच्या शेवटी पेरली की मेपर्यंत तिचं मूळ खोल गेलेलं असतं. घोसाळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि दोडक्याचं संध्याकाळी. तेव्हा मधमाशी दिसली नाही तर नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर स्वतः टेकवा. दुपारी केलंत तर उपयोग नाही.

आमच्या घरात आणखी एक समज आहे: झाड मलूल दिसलं की युरिया टाका. नवतपात चिमूटभरही टाकू नका. तहानलेल्या मुळाला मीठ चाटवल्यासारखं होतं ते. हेही मी भाऊजींना तीनदा सांगितलं आहे.

हिवाळ्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायची वेळ येईल. जानेवारीत इथे पारा 2-3 अंशांवर येतो. हिंदीत ज्याला पाला म्हणतात ते गोठलेलं दहिवर पानांवर बसतं आणि एका रात्रीत टोमॅटो, वांगी, मिरची काळी पडते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला अशा संध्याकाळी कुंड्यांना पाणी द्या, कारण ओली माती रात्री ऊब धरून ठेवते. वरून जुन्या सुती साड्या टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. दाट धुक्याच्या आठवड्यात मात्र पाणी जवळजवळ बंद, नाहीतर टोमॅटोवर करपा रोग ठरलेला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमच्या कुंड्या आठ इंची असतील तर त्यांत सकाळचं पाणी मेमध्ये दिवसभर खरंच पुरत नाही. तेव्हा दुसरं पाणी द्यावं लागेल, पण रात्री आठनंतर, घरात भरून ठेवलेल्या बादलीतलं. आणि पुढच्या वर्षी मोठी खोकी घ्या. औषधांच्या दुकानात थर्मोकोलची खोकी मागितली की देतात, तळाला चार भोकं पाडा. तुमची टाकी पांढरी आणि सावलीत असेल तर माझा टाकीचा 45चा आकडा तुम्हाला लागू नाही, पण पाइप उन्हात पडलेला असला तर 57चा लागू आहेच. आज दुपारी एकला पाइपाचं पहिलं पाणी हाताच्या मागच्या बाजूवर घेऊन बघा आणि काय वाटलं ते इथेच लिहा.

घोसाळ्याचं घरचं बी माझ्याकडे भरपूर आहे. लष्कराच्या बाजूला असाल तर कळवा, पुडी बांधून ठेवते.